पहिला तास जातो कुठे? (जन्मल्याबरोबर अंगावर पाजण्याबद्दल)

रानजाई
नमस्कार मंडळी. विषय बाळंतपणाचा आहे, पण डिंकाच्या लाडवांचा नाही, त्याच्या बऱ्याच आधीचा. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, दवाखान्यांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं, केंद्र सरकारचा 'माँ' कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तासाभरात सुरुवात झालेल्या बाळांचं प्रमाण देशात ४१.८ टक्के निघालं. त्याच सर्वेक्षणात दवाखान्यात झालेली बाळंतपणं ८८.६ टक्के. म्हणजे डॉक्टर-नर्स हाताशी असूनही निम्म्याहून जास्त बाळांचा तो तास हुकतो.

माझं मत असं, की दूध नसतं म्हणून हा तास जात नाही. वजन, आंघोळ, कपडे, टाके, बाहेर नातेवाइकांना दाखवणं, खोली बदलणं या रांगेत पाजण्याचा नंबर शेवटी लागतो म्हणून जातो. जाणकारांनी लिहा: क्रम नेमका कसा असावा, सिझर असेल तर काय बदलतं, घरच्यांनी काय करावं. "आमच्या वेळी असं होतं" नको, तपशील हवेत.

वॉर्ड नंबर सात
मताशी सहमत. पूर्ण दिवसांचं, जन्मल्याबरोबर रडलेलं बाळ आणि नॉर्मल बाळंतपण धरून क्रम लिहिते.

बाळ बाहेर आलं की थेट आईच्या उघड्या पोटावर पालथं ठेवायचं. गरम केलेल्या कोरड्या कापडाने तिथेच पुसायचं, ते ओलं कापड काढून टाकायचं, पाठीवर दुसरं कोरडं घालायचं, डोक्याला टोपडं. आई आणि बाळ यांच्या मध्ये झबलं-दुपटं काही नको, कातडीला कातडी लागली पाहिजे. बाळाचे तळहात पुसू नका. त्यांना गर्भजलाचा वास असतो आणि त्या वासाच्या आधाराने बाळ स्तन शोधतं. नाळ १ ते ३ मिनिटांनी कापायची. वार पडणं, टाके घालणं हे सगळं बाळ छातीवर असताना होऊ शकतं. वजन, व्हिटॅमिन 'के'चं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, लसी हे पहिलं पाजणं झाल्यावर. आंघोळ २४ तासांनंतर. अंगावरचा पांढरा लेप घासून काढायची काहीच घाई नाही, तो कातडीचं रक्षण करतो.

एक गोष्ट मात्र विसरली जाते. छातीवरच्या बाळावर कोणाची तरी नजर हवी. नाक मोकळं दिसतंय का, मान दुमडली नाही ना, ओठ गुलाबी आहेत का, श्वास चालू आहे का. थकलेल्या आईला डुलकी लागते आणि बाळाचं नाक दबू शकतं. त्या तासात बाळबाळंतिणीला खोलीत एकटं सोडायचं नाही.

चकलीचा काटा
म्हणजे पेढ्यांचा पुडा घेऊन आलेल्या काकांना तासभर कॉरिडॉरमध्ये थोपवायचं. हे काम नर्सचं नाही, बंदोबस्ताचं आहे.

वॉर्ड नंबर सात
काकांना अळीव आणायला पाठवा. मिळेपर्यंत तास होतो.

अर्धविराम
भूलतज्ज्ञ म्हणून थोडा विरोध नोंदवतो. सगळा दोष 'रांगेचा' नाही. सिझरमध्ये खऱ्या अडचणी असतात. आईला थंडी भरून हुडहुडी येते, उलटीची भावना होते, रक्तदाब उतरतो, आणि थिएटरचा एसी सर्जनच्या सोयीने लावलेला असतो. बाळासाठी खोली किमान २५ अंश हवी.

तरीही कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर आई पूर्ण शुद्धीवर असते, आणि तयारी आधी केली तर जमतं:

- गाऊन पुढून उघडणारा.
- ईसीजीची चिकटवणी छातीच्या मधोमध न लावता खांद्यांकडे आणि बाजूला.
- सलाईन ज्या हाताने आई काम करते त्या हातात नको.
- पडदा छातीच्या खाली.
- बाळ उभं न ठेवता आडवं, आईच्या छातीवर गळ्याच्या खालच्या बाजूला. त्यामुळे ते सर्जनच्या जागेत येत नाही.
- बाळाला धरायला एक माणूस फक्त त्याच कामाला. आईच्या हातांवर भरवसा नको, ते थरथरत असतात.

थिएटरमध्ये नाहीच जमलं तर रिकव्हरीत आल्याबरोबर. तोवर बाळ वडिलांच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण. शर्टाची बटणं उघडायला लाजणारे बाप असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. पूर्ण भूल दिली असेल तर आई नीट जागी होऊन प्रश्नाला उत्तर देऊ लागली की सुरुवात करायची, त्यासाठी 'उद्या सकाळी'ची वाट बघायची नाही.

दुखणं दाबायला पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक चालतात. वेदना सोसून पाजण्यात काही पराक्रम नाही, कारण वेदनेने आणि ताणाने पान्हा अडतो. कोडीन, ट्रॅमाडॉल मात्र टाळावं, बाळ सुस्त होऊ शकतं.

रानजाई
@अर्धविराम, हे हवं होतं. मान्य, सगळंच रांगेवर ढकलणं बरोबर नाही. पण तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी आदल्या दिवशी ठरवता येतात, हेही आहेच.

उकडीचा मोदक
बाळ छातीवर ठेवलं की लगेच तोंडात निपल कोंबायची घाई करू नये. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १९८७ साली हे मांडलं, की बाळाला तसंच राहू दिलं तर ते स्वतः सरकत स्तनापर्यंत पोचतं. आधी रडतं, मग शांत पडतं, मग डोळे उघडतं, तोंडाची हालचाल, हात चोखणं, पायाने रेटा देत वर सरकणं, मध्येच विश्रांती. या सगळ्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. विश्रांतीला लोक 'झोपलं, आता नंतर' समजतात आणि उचलून पाळण्यात ठेवतात. तिथेच गाडी चुकते.

डोकं मागून धरून दाबलं तर बाळ उलट मान मागे टाकतं आणि ओरडतं. मग शेरा येतो, 'बाळ अंगावर घेत नाही'.

निळावंती
पण पहिल्या दिवशी दूधच नसतं ना? दाबलं तरी थेंबभर पिवळं येतं. तेवढ्यावर बाळ कसं राहणार?

वॉर्ड नंबर सात
@निळावंती, तो थेंबभर पिवळा म्हणजेच चीक, आणि तो तेवढाच यायचा असतो. पहिल्या २४ तासांत एका वेळेला २ ते १० मिली. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६०. म्हणजे सुरुवातीला चहाचे अर्धा ते दोन चमचे. त्यात प्रतिपिंडं, जीवनसत्त्व 'अ' आणि प्रथिनं ठासून असतात, शिवाय तो सारक असतो. काळी शी लवकर पडून गेली की कावीळ वाढायला वाव कमी राहतो.

दूध 'उतरतं' ते वार पडल्यानंतर. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) खाली येतं, दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनला रान मोकळं होतं, आणि २ ते ४ दिवसांत छाती भरते. आईला मधुमेह, खूप रक्तस्राव, अवघड सिझर, वारेचा तुकडा आत राहणं, यात उशीर होतो. तुकडा राहिलेला असेल तर रक्तस्रावही थांबत नाही आणि दूधही भरत नाही. दोन्ही एकदम दिसलं तर डॉक्टरांना सांगायचंच.

चकलीचा काटा
गाईच्या चिकाचा खरवस वेलची घालून वाट्याच्या वाट्या हाणणारे लोक बाईचा चीक मात्र 'जड असतो, पिळून टाका' म्हणतात. गाय नशीबवान.

धारवाडी पेढा
चर्चा छान, पण एक बाजू राहतेय. जातकर्मात मध-तूप सोन्याने चाटवायचा संस्कार आहे. घरातल्या ज्येष्ठांना 'हे सगळं अडाणीपणाचं' म्हणून गप्प करणं मला पटत नाही. एक बोटभर मधाने असं काय बिघडतं?

उकडीचा मोदक
@धारवाडी पेढा, गप्प कोणी करू नये, पण मध नकोच. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. लक्षणं म्हणजे बद्धकोष्ठ, रडणं बारीक होणं, मान आणि अंग ढिलं पडणं, ओढायची ताकद जाणं. असं क्वचित होतं, पण झालं तर बाळ व्हेंटिलेटरवर जातं. मध उकळूनही बीजाणू मरत नाहीत.

गूळपाणी, साखरपाणी, घुटी, गाईचं-बकरीचं दूध यांचा दोष वेगळा. पोट भरल्यासारखं होऊन बाळ ओढत नाही. ओढलं नाही की मेंदूकडून दूध बनवायचा निरोप सुटत नाही. मग 'बघा, दूध नाहीच' हे खरं ठरतं.

बाराखडी
तोडगा: सोन्याची अंगठी धुवून आजीने बाळाच्या कपाळाला लावावी, मंत्र म्हणावा, मध देवापुढे ठेवावा. संस्कार होतो, आजी खूश, बालरोगतज्ज्ञही खूश.

धारवाडी पेढा
हा तोडगा घेतला. मंत्र म्हणायला भटजी मात्र तासाभरानंतरच आत सोडा.

कोकणकडा
तोंडात धरवायचं कसं यावर कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

उजव्या स्तनावर पाजायचं असेल तर बाळ डाव्या हातावर घ्यायचं (नेहमीच्या मांडीवरच्या पद्धतीच्या उलट). तळहात बाळाच्या खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं मानेच्या बुंध्याशी, दोन्ही कानांच्या मागे. डोक्याच्या मागच्या भागावर हात नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. मान वळवून कोणाला पाणी पिता येतं का बघा, बाळालाही येत नाही.

उजव्या हाताने स्तन खालून 'यू' आकारात धरायचा, बोटं निपलभोवतीच्या काळ्या भागापासून लांब. बाळाचं नाक निपलसमोर आणायचं, तोंड नाही. निपल वरच्या ओठाला लावायचं आणि थांबायचं. जांभई देताना उघडतं एवढं तोंड उघडलं की झटकन बाळाला स्तनाकडे आणायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. स्तन बाळाकडे ओढत नेला की आई वाकते आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरते.

नीट धरलं की नाही ते चार गोष्टींवरून: तोंड मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळा भाग वर जास्त आणि खाली कमी दिसतोय. पहिले काही सेकंद ओढ लागते तेवढी ठीक. दुखतच राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून हवा शिरू द्यायची, सोडवायचं, परत लावायचं. तसंच ओढून काढलं तर चीर पडते. सुटल्यावर निपल तिरकं चेपलेलं दिसलं तर बाळाने नुसतं टोक धरलं होतं.

सिझरवाल्यांनी बाळ काखेत घ्यावं, पाय आईच्या पाठीकडे, खाली उशी. टाक्यांवर वजन येत नाही. किंवा कुशीवर झोपून.

निळावंती
निपल सपाट किंवा आत ओढलेलं असेल तर? यावरूनच डब्याचं (पावडरचं) दूध चालू झालेलं बऱ्याचदा ऐकते.

कोकणकडा
आधी हे, की बाळ स्तन धरतं, निपल नाही. काळ्या भागाचा मोठा घास तोंडात गेला तर सपाट निपलनेही पितं. पहिल्या दिवशी स्तन मऊ असतो तेव्हाच प्रयत्न करा, तिसऱ्या दिवशी छाती भरल्यावर जास्त अवघड.

अगदीच आत असेल तर सिरिंजची युक्ती. १० किंवा २० मिलीची नवी सिरिंज घ्यायची, सुई लावायचं टोक ब्लेडने सरळ कापून टाकायचं, दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूने आत घालायचा. म्हणजे जी बाजू मुळात गुळगुळीत होती ती अंगाला लागते. निपलवर ठेवून दट्ट्या हळू मागे ओढायचा, अर्धा-एक मिनिट धरायचा, दुखेल इतका नाही. सोडताना दट्ट्या आधी पुढे ढकलून हवा सोडायची. पाजण्याच्या जरा आधी करायचं. उलटी बाजू लावली तर कापलेल्या कडेने जखम होते, ही चूक सर्रास होते.

खडीसाखर
अवांतर: शतावरी, अळीव, मेथी, बाळंतशेपा यांनी दूध वाढतं का?

अर्धविराम
अवांतर उत्तर: खायला चांगले आहेत, बाळंतिणीला भूक असते, खाऊ द्या. पण दूध वाढतं ते स्तन रिकामा होण्याने. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं, त्यात रात्रीचं धरून, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. लाडू खाऊन रात्री बाळ आजीकडे झोपवलं तर लाडू फुकट.

खडीसाखर
लाडू कधीच फुकट जात नाहीत, डॉक्टर.

वॉर्ड नंबर सात
बाळ काचेच्या पेटीत असेल त्यांच्यासाठी. पहिल्या तास-दोन तासांत हाताने चीक काढायला सुरुवात, फार तर ६ तासांच्या आत. मग दर २-३ तासांनी, रात्री एकदा तरी. पंप सुरुवातीला उपयोगाचा नाही, चीक दाट असतो, नळीलाच चिकटून बसतो.

हात धुवून, अंगठा वर आणि तर्जनी खाली, निपलपासून ३-४ सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या फासळ्यांकडे मागे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत. जागा फिरवत राहायचं. पहिली दोन-तीन मिनिटं काही येत नाही, तिथे हात थांबवू नये. थेंब १ मिलीच्या सिरिंजने टिपून घ्या किंवा उकळलेल्या वाटीत. द्यायचं तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाटलीने नको. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला ४ तास, मे महिन्यातल्या विदर्भात त्याहून कमी धरा.

आईचं पुरेसं निघत नसेल तर दूधपेढीबद्दल विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डब्याच्या आधी दात्या आईचं पाश्चराइज केलेलं दूध मिळालेलं बरं.

उकडीचा मोदक
या धाग्यात दुसऱ्या रात्रीचा उल्लेख यायलाच हवा. पहिला दिवस बाळ बरंचसं झोपतं. दुसऱ्या रात्री सतत मागतं, दहा मिनिटं पितं, झोपतं, पाळण्यात ठेवलं की रडतं, परत तेच पहाटेपर्यंत. सगळा वॉर्ड म्हणतो 'भूक भागत नाहीये'. बहुतेक वेळा हे ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं, त्या ओढण्यानेच दूध उतरतं. त्या रात्री आईसोबत बाळ शांत करणारं माणूस नको, आईला पाणी-जेवण देणारं, बाजू बदलायला मदत करणारं माणूस हवं. आणि डब्याचं दूध द्यायचंच तर कारण कागदावर हवं: साखर उतरली, वजन फार घटलं, असं काही.

अर्धविराम
त्याला पुरवणी. काही बाळांत 'थांबा आणि बघा' चालत नाही. अडीच किलोच्या आतलं, ३७ आठवड्यांच्या आधीचं, मधुमेही आईचं. यांची साखर पहिल्या तासांत उतरू शकते. तासाभरात पाजायचं आणि रक्तातली साखर तपासायची, दोन्ही. स्तनपानाच्या आग्रहापायी तपासणी टाळणं हा दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा.

बाराखडी
पुरतंय की नाही हे लंगोटांवर कळतं. पहिल्या दिवशी १ शू, दुसऱ्या दिवशी २, असं वाढत सहाव्या दिवसापासून रोज ६ किंवा जास्त. शी आधी काळी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, पाचव्यापर्यंत पिवळी. पहिले दोन-तीन दिवस लंगोटावर विटकरी डाग दिसले तर ते रक्त नाही, लघवीतल्या युरेट नावाच्या क्षाराचे कण असतात. चौथ्या दिवसानंतरही दिसले तर दूध कमी जातंय. डायपर वापरलात तर आत कापसाचा तुकडा ठेवा, नाहीतर थोडीशी शू कळतच नाही.

वजन घटतंच. ३ किलोच्या बाळाचं २१० ग्रॅम घटलं म्हणजे ७ टक्के, तिथे पाजणं बारकाईने बघून घ्यायचं. ३०० ग्रॅम म्हणजे १० टक्के, तिथे डॉक्टर हवेतच. आईला बाळंतपणात खूप सलाईन चढलेलं असेल तर जन्माचं वजनच थोडं फुगलेलं असतं, हे धरून बघा. १० ते १४ दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं.

पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसणं, २४ तासांत काळी शी न होणं, पाजायला उठवूनही न उठणं, ताप किंवा अंग गार पडणं: यात धागा वाचत बसू नका.

राईनकाठची
जर्मनीतून. इथे बाळंतपणानंतर सुईण घरी येते, खर्च आरोग्य विम्यातून. वजन, टाके, पाजणं सगळं बघते. आपल्याकडे असं काही आहे का?

वॉर्ड नंबर सात
@राईनकाठची, आहे की. आशा ताई. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. वजनकाटा त्यांच्याकडे असतो. शहरातल्या सोसायट्यांतून त्यांना वॉचमन अडवतो, ही वेगळी गंमत. मराठीतून बघायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे व्हिडिओ आहेत, बाळ धरायची पद्धत त्यात छान दाखवली आहे.

रानजाई
खूप कामाचा माल जमला. मूळ प्रश्नाकडे: दवाखान्यात आधी काय विचारायचं? आणि कोणाला?

अर्धविराम
सर्जनला सगळेच विचारतात आणि ते 'हो हो' म्हणतात. भूलतज्ज्ञ आणि लेबर रूमच्या सिस्टर यांना विचारा. सातव्या-आठव्या महिन्यात जा, आणि "तुमच्याकडे होतं का" असं विचारू नका, "वजन कधी करता, पाजण्याआधी की नंतर?" असं विचारा. खरं उत्तर तिथेच कळतं. शिवाय: टाके घालताना बाळ कुठे असतं, सिझरनंतर बाळ किती वेळाने आईकडे येतं, रात्री बाळ आईजवळ असतं की वेगळ्या खोलीत, न विचारता डबा देतात का. उत्तरं फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, कारण बाळंतपणाच्या वेळी ड्युटीवर दुसरंच कोणी असतं.

डब्याच्या कंपनीचं पोस्टर किंवा फुकट नमुना दिसला तर तो १९९२च्या कायद्याने बंद आहे, हेही सांगा. २००३ च्या दुरुस्तीनंतर तो कायदा आणखी कडक झाला.

निळावंती
आईला हिपॅटायटिस बी असेल तरी तासाभरात पाजायचं?

अर्धविराम
हो. बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) १२ तासांच्या आत द्यायचं, दोन वेगवेगळ्या मांड्यांत. त्यासाठी पाजणं थांबवायचं नाही. फक्त ते इम्युनोग्लोब्युलिन लहान गावात ऐनवेळी मिळत नाही, म्हणून आधीच मागवून दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा.